रोज हिंजवडी, पावसाळ्यात पाणंद: जुनी फोर बाय फोर गाडी घेताना

तुमची गरज जशी मला समजली तशी आधी मांडतो. कोथरूडहून हिंजवडीला रोज जाऊन-येऊन पस्तीसएक किलोमीटर, तेही बहुतेक पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये. घरात पत्नी, शाळकरी मुलगी आणि गुडघ्यांनी त्रस्त असलेल्या आई. महिन्यातून एक-दोनदा मुळशी, वेल्हे, भोर या बाजूच्या कच्च्या वाटा, त्यातही पावसाळ्यात जास्त. आणि हाताशी सगळे मिळून अकरा लाख रुपये. तुमच्या मनात २०१४ सालची एक थार भरली आहे. तिला चार इंचांची लिफ्ट (उंची वाढवणारे बदल), चिखलासाठीचे मोठे मड टायर, अडकलेली गाडी ओढून काढणारे विंच आणि पुढे लोखंडी बंपर बसवलेला आहे, आणि या दीड-दोन लाखांच्या वस्तू तुम्हाला फुकटच मिळत आहेत असे मालकाचे म्हणणे आहे. ही थार घ्यावी की एखादी जिप्सी शोधावी, असा तुमचा प्रश्न आहे.

ती थार घेऊ नका, आणि जिप्सीही तुमच्यासाठी नाही. पुण्यात अठ्ठावीस वर्षे गॅरेज चालवताना, आणि त्यातला निम्म्याहून अधिक काळ फोर बाय फोर गाड्यांखाली आडवे पडून काम करताना, माझे मत असे पक्के झाले आहे की जुनी गाडी कोणती घ्यायची हे रोजच्या वापराने ठरवावे. कच्च्या वाटेला मताचा अधिकार एवढाच, की गाडीला खरी लो रेंज असली पाहिजे आणि तिच्याशी कोणी खेळ केलेला नसावा. तुम्ही महिन्यातले सव्वीस-सत्तावीस दिवस डांबरावर असता. उरलेल्या दोन-तीन दिवसांसाठी घेतलेली गाडी बाकीचे दिवस छळू लागली की सहा महिन्यांत ती पार्किंगमध्ये धूळ खाते, आणि मग तिची बॅटरी उतरल्यावर लोक मला फोन करतात.

लो रेंज म्हणजे काय ते थोडक्यात सांगतो, कारण जाहिरातींतल्या शब्दांमुळे यात फार गोंधळ होतो. खऱ्या फोर बाय फोर गाडीत गिअरबॉक्सच्या मागे ट्रान्स्फर केस नावाची दुसरी छोटी पेटी असते. ती ताकद पुढच्या आणि मागच्या अशा दोन्ही ॲक्सलकडे पाठवते, आणि लोमध्ये टाकली की चाकांवरचा जोर दुप्पट-अडीचपट वाढवून वेग तितकाच कमी करते. ओल्या कातळावर चढताना अॅक्सिलरेटरला पाय न लावता गाडी मुंगीच्या चालीने चढते, आणि घसरणीवरून उतरताना ब्रेकला पाय न लावता इंजिनच तिला धरून ठेवते. यातला दुसरा उपयोग अधिक मोलाचा आहे, कारण सह्याद्रीतले बहुतेक अपघात चढताना नव्हे, तर ओल्या मुरुमावरून उतरताना ब्रेक दाबल्याने होतात. २०१४ मध्ये आलेली डस्टरची ऑल-व्हील-ड्राइव्ह गाडी मला मनापासून आवडते. तिच्या चारही चाकांना स्वतंत्र सस्पेन्शन आहे आणि खराब रस्त्यावर ती भल्याभल्यांना मागे टाकते. मात्र तिला लो रेंज नाही, फक्त आखूड केलेला पहिला गिअर आहे. शिवाय मागच्या चाकांकडे ताकद नेणारे कपलिंग चिखलात फार वेळ राबवले की तापते आणि काही वेळ सुट्टीवर जाते. तुमच्या वाटा केवळ कच्च्या रस्त्यांच्या असत्या, तर मी डोळे झाकून डस्टर सांगितली असती.

आता त्या २०१४ च्या थारकडे वळू. त्या पिढीची सीआरडीई थार, म्हणजे २०१० पासून २०१९ पर्यंत चाललेली गाडी, अडीच लिटरच्या डिझेल इंजिनाची आहे आणि वाटेवर ती आजही खणखणीत चालते. तिच्या मागे पाटे आहेत, पुढे टॉर्शन बारचे (पीळ खाऊन स्प्रिंगचे काम करणाऱ्या दांड्यांचे) स्वतंत्र सस्पेन्शन आहे, आणि घोटाळा नेमका इथेच होतो. पुढची उंची वाढवायची म्हणून अनेक जण टॉर्शन बार पिळून घट्ट करतात. गाडी उंच दिसते, पण चाकाला खाली उतरायला जागा उरत नाही, म्हणून खड्डा आला की चाक हवेत राहते; चाकांना फिरवणारे हाफशाफ्ट नेहमीच तिरके फिरत असल्याने त्यांचे रबरी बूट फाटतात, आत चिखल जातो आणि जॉइंट वाजू लागतात. मागे उंची वाढली की प्रोपेलर शाफ्टचा कोन बदलतो आणि त्याचे सांधे, म्हणजे क्रॉस, लवकर जातात. मोठ्या टायरांचे वजन क्लच, क्राऊन-पिनियन (ॲक्सलमधले मुख्य गिअर), स्टीअरिंगचे सांधे आणि ब्रेक या सगळ्यांवर पडते. दीड लाखाच्या ज्या वस्तू फुकट मिळत आहेत असे वाटते, त्या काढून गाडी मूळ अवस्थेत आणायला माझ्या टेबलावर साधारण तेवढेच बिल होते.

याशिवाय कायद्याची बाजू आहे. कंपनीने दिलेल्या मूळ रचनेत बदल करायला मोटार वाहन कायद्याचे कलम ५२ आडवे येते, २०१९ च्या जानेवारीत सर्वोच्च न्यायालयानेही तेच स्पष्ट केले, आणि पुढच्या लोखंडी क्रॅश गार्डवर केंद्राने २०१७ च्या डिसेंबरातच बोट ठेवले होते. रस्त्यात दंड होतो तो वेगळाच. मोठा अपघात झाल्यावर विमा कंपनीचा सर्व्हेअर या बदलांचे फोटो काढू लागतो, तेव्हा त्याचे खरे गांभीर्य कळते. या गाड्यांत एअरबॅग नाहीत, शेवटच्या काही गाड्या सोडल्या तर एबीएसही नाही, आणि मागची बाके समोरासमोर आहेत. तुमच्या आईंना मागच्या दारातून त्या बाकावर रोज चढवणार आहात का, हा प्रश्न गाडी बघायला जाण्याआधीच स्वतःला विचारायला हवा होता.

जिप्सीबद्दल लिहिताना माझा हात थोडा जड होतो, कारण माझी पहिली फोर बाय फोर तीच होती. हजार किलोच्या आसपास वजन, अरुंद अंग, साधे पेट्रोल इंजिन. चिखलात जिथे अवजड गाड्या रुततात तिथे ती वरच्यावर निघून जाते. मी ती घेतली तेव्हा टायर पाहिले, इंजिनाचा आवाज ऐकला आणि पैसे मोजले. तीन महिन्यांनी मागच्या पाट्याच्या शॅकलजवळ चॅसिसला हातभर लांबीची चीर सापडली. तिच्यावर पट्टी वेल्ड करून वर काळा रंग फासलेला होता, आणि तो रंग माझ्या डोळ्यांसमोर असूनही मला दिसला नव्हता. आज जिप्सी विकत मिळते ती एकतर सरकारी किंवा लष्करी लिलावातली असते, नाहीतर कोणा शौकिनाने तिच्यावर हात साफ केलेला असतो. तिला एअरबॅग नाहीत, एसी बहुधा नंतर बसवलेला असतो, मागची पाठ सरळ उभी. वीस टक्के इथेनॉलचे पेट्रोल सर्वत्र आल्यापासून जुन्या गाड्यांचे इंधनाचे रबरी पाइप आणि सील तपासून बदलावे लागतात, हा आणखी एक खर्च. दुसरी गाडी म्हणून ती जरूर ठेवावी, पण एकुलती एक म्हणून ठेवू नये.

मग उरते काय? तुमच्या पैशांत विचार करण्याजोग्या तीन गाड्या आहेत. पहिली, २०२० च्या ऑक्टोबरात आलेली नवी थार. दुसरी, २०२३ च्या जूनमध्ये आलेली पाच दारांची जिम्नी. तिसरी, जुनी स्कॉर्पिओ फोर बाय फोर. गुरखा मी मुद्दाम बाजूला ठेवतो. पुढे आणि मागे दोन्हीकडे डिफरन्शियल (ॲक्सलच्या दोन चाकांत ताकद वाटणारी पेटी) लॉक करण्याची सोय देणारी ती गाडी वाटेवर अजिंक्य आहे, पण हिंजवडीच्या रांगेत रोज दोन तास तिच्यात बसायला वेगळी तपश्चर्या लागते. फॉर्च्युनर आणि एन्डेव्हर या रकमेत मिळतील त्या जुन्या असतील. त्या घेताना किंमत जुन्या गाडीची मोजली तरी सुट्या भागांची किंमत मोठ्या गाडीचीच राहते, आणि एन्डेव्हरच्या कंपनीने तर २०२१ मध्ये इथले गाड्यांचे उत्पादनच बंद करत असल्याचे जाहीर केले.

नवी थार आणि जिम्नी यांतली निवड खरी रंगते. थारची जमिनीपासूनची उंची २२६ मिलिमीटर, जिम्नीची २१०. थारला कंपनीने ६५० मिलिमीटर पाण्याची मर्यादा दिली आहे, इंजिनही मोठे आहे, आणि ग्लोबल एनकॅप या संस्थेच्या २०२० च्या अपघात-सुरक्षा चाचणीत तिला चार तारे मिळाले. काही प्रकारांत मागे मेकॅनिकल लॉकिंग डिफरन्शियल आहे. सगळ्यांत नाही, म्हणून समोरच्या गाडीत आहे का ते तिच्या व्हेरिएंटवरून तपासा. हे का महत्त्वाचे, ते एका चित्रावरून समजेल. ओढ्याच्या काठावर गाडी तिरकी चढताना पुढचे डावे आणि मागचे उजवे चाक हवेत लटकते. साध्या डिफरन्शियलचा स्वभाव असा, की जे चाक सहज फिरते त्यालाच तो ताकद देतो. त्यामुळे लटकणारी दोन चाके गरागरा फिरतात, जमिनीवरची दोन्ही चाके शांत राहतात, आणि फोर बाय फोर गाडी जागच्या जागी उभी राहते. लॉक असला तर जमिनीवरच्या मागच्या चाकालाही ताकद मिळते आणि गाडी निघते. जिम्नीत असा लॉक नाही. तिच्यात फिरणाऱ्या चाकाला संगणक ब्रेक लावतो आणि ताकद पलीकडे ढकलतो. पाय अॅक्सिलरेटरवर धीराने धरून ठेवला की दोन-तीन सेकंदांत ती पकड घेते. नवशिके नेमके त्याच क्षणी पाय काढतात आणि गाडीला नावे ठेवतात. तिचे दोन्ही ॲक्सल अखंड आणि कॉइल स्प्रिंगवर आहेत, वजन बाराशे किलोच्या घरात आहे, आणि मुळशीकडच्या भातखाचरांच्या कडेच्या अरुंद वाटांवर हे हलकेपण लॉकपेक्षा जास्त वेळा कामाला आले आहे, असा माझा अनुभव आहे.

तुमच्यासाठी मात्र निर्णय यातल्या कशावरच होत नाही, तो दारांवर होतो. तीन दारांच्या थारमध्ये मागे बसायचे तर पुढचे आसन सरकवून, वाकून, पाय उचलून आत जावे लागते. गुडघे दुखणाऱ्या व्यक्तीला हे महिन्यातून एकदा जमेल, रोज नाही. जिम्नीला मागे स्वतंत्र दारे आहेत. आसने चारच आहेत, आणि तुम्हीही चौघेच आहात. सामानाची जागा मात्र तुटपुंजी आहे हे आधीच मान्य करून टाका. दुसरा मुद्दा इंधनाचा. बीएस ६ डिझेल गाड्यांच्या धुराच्या मार्गात काजळी अडवणारी गाळणी असते. ती स्वच्छ राहण्यासाठी गाडी अधूनमधून मोकळ्या रस्त्यावर सलग वेगाने धावावी लागते, आणि तुमची गाडी तर रांगणार आहे. म्हणून पेट्रोल घ्या. थारचे पेट्रोल इंजिन जोरकस आहे, पण शहरात माझ्या गिऱ्हाइकांना लिटरला आठ-नऊच्या पुढे क्वचित जाते, जिम्नी त्यापेक्षा बरीच बरी. जिम्नीची शोरूम किंमत सुरुवातीला १२.७४ लाखांपासून होती आणि नंतर नव्या गाड्यांवर मोठी सूट मिळू लागली. त्यामुळे वापरलेली गाडी घेताना आजच्या नव्या गाडीचा प्रत्यक्ष भाव आधी विचारून घ्या, नाहीतर जुन्या गाडीला नव्याचे पैसे मोजाल. पाचवे माणूस नेहमीच असेल तर मात्र स्कॉर्पिओकडे वळा, आणि तिच्यात लो रेंज लावणारे बटण फिरवल्यावर दिवा स्थिर लागतो की लुकलुकतो ते पाहा. लुकलुकत राहिला तर ट्रान्स्फर केसची मोटर किंवा तिचे वायरिंग खर्च मागते.

थारवरच मन बसले असेल तर एक सावधगिरी बाळगा. २०२३ च्या जानेवारीपासून थार फक्त मागच्या चाकांवर चालणारीही मिळते आणि ती बाहेरून हुबेहूब तशीच दिसते. आरसीवरचे मॉडेलचे पूर्ण नाव वाचा आणि गिअरच्या शेजारी दुसरा दांडा आहे का ते पाहा. हसू नका; फोन करून 'लो लागत नाही' अशी तक्रार करणारे दोन जण मला भेटले आहेत.

आता प्रत्यक्ष तपासणी. गाडी बघायला सकाळी जा आणि मालकाला आदल्या दिवशीच सांगा की इंजिन सुरू करून ठेवू नका. थंड इंजिन खोटे बोलत नाही. सोबत जुना शर्ट, टॉर्च, एक स्क्रूड्रायव्हर आणि चिंधी घ्या. पहिला अर्धा तास गाडीखाली घालवा, वर काय चमकते ते नंतर पाहा. चॅसिसच्या दोन्ही तुळया पुढून मागेपर्यंत स्क्रूड्रायव्हरच्या मुठीने ठोकत जा: घट्ट पत्रा टणटण वाजतो, आतून गंजलेला भदभद वाजतो. बॉडी जिथे चॅसिसवर बसते त्या जागा, पाट्यांचे किंवा ट्रेलिंग आर्मचे ब्रॅकेट आणि स्टीअरिंग बॉक्सचा परिसर विशेष बघा. संपूर्ण खालची बाजू नुकतीच काळी केलेली असेल तर तो गुण समजू नका, मालकाला कारण विचारा. रत्नागिरी-सिंधुदुर्गाच्या किनाऱ्यावर राहिलेली किंवा पुळणीत पळवलेली गाडी खारट हवेने आणि पाण्याने आतून खाल्लेली असते. बाहेरचा रंग शेवटपर्यंत शाबूत राहतो.

यानंतर दोन्ही डिफरन्शियलचे फिलर प्लग उघडायला सांगा. मालकाने खळखळ केली तर तेच तुमचे उत्तर समजा. प्लग काढल्यावर करंगळी आत घालून ऑइल बोटावर घ्या. ते मधासारखे किंवा काळसर असेल तर ठीक. दुधाच्या चहासारखे दिसले तर आत पाणी गेले आहे. तापलेला ॲक्सल थंड ओढ्यात शिरला की आतली हवा आकुंचन पावते, आणि ब्रीदरची, म्हणजे ॲक्सलमध्ये हवा ये-जा करू देणारी, नळी तुटलेली किंवा चोंदलेली असेल तर सीलमधून पाणी आत ओढले जाते. त्या पाण्यात बेअरिंगे महिनोन् महिने फिरत राहतात. बोटाला चकाकणारी बारीक कणी लागली तर क्राऊन-पिनियन झिजायला लागलेले आहे. या एका बोटाने मी जितके सौदे मोडले आहेत तितके कोणत्याही संगणकी स्कॅनरने मोडले नसतील, जरी स्कॅनर लावून घ्यायलाही हरकत नाही.

पुरात बुडालेल्या गाड्यांचा धोका आपल्याकडे खरा आहे. २०१९ मध्ये कोल्हापूर-सांगली आणि २०२१ च्या जुलैत चिपळूण, या दोन्ही पुरांनंतर धुऊन-पुसून काढलेल्या गाड्या बाजारात फिरत होत्या. सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढा. वरचा भाग स्वच्छ आणि आतल्या टोकाशी चिखलाची पुसट रेघ असेल तर पुढे काही बोलू नका. गालिच्याखाली हात घाला, डॅशबोर्डखालच्या वायरच्या जोडण्यांवर हिरवट पूड आहे का पाहा, आणि विम्याचे जुने दावे विचारा. उलट, वाटांवर फिरलेली गाडी म्हणून तिला नाके मुरडू नका. अल्टरनेटरच्या मागे किंवा रेडिएटरच्या फटीत वाळलेली तांबडी माती दिसली, पण ऑइल स्वच्छ, बूट शाबूत आणि सर्व्हिसच्या नोंदी नियमित असतील, तर अशी गाडी मी न वापरलेल्या गाडीपेक्षा आधी घेईन. जिचा फोर बाय फोरचा दांडा पाच वर्षांत एकदाही हललेला नाही, तो दांडा पहिल्यांदा हलवताना बहुधा अडकतो.

चालवून पाहताना आधी डांबरावर सत्तर-ऐंशीचा वेग घ्या. अखंड ॲक्सलच्या गाडीत एखाद्या धक्क्यानंतर स्टीअरिंग थडथड हलू लागले तर किंगपिन बेअरिंग, ट्रॅक रॉड, टायरचे बॅलन्सिंग यांपैकी काहीतरी गेलेले आहे. मग मातीच्या मोकळ्या जागी जा, फोर-हाय (लो रेंजशिवायचे फोर बाय फोर) लावा आणि स्टीअरिंग पूर्ण वळवून सावकाश गोल फिरा. गाडी थोडी अडून, ओढल्यासारखी चालली पाहिजे. पार्ट-टाइम, म्हणजे गरजेपुरत्या लावायच्या, फोर बाय फोरमध्ये पुढची आणि मागची चाके एकाच गतीला बांधली जातात, म्हणून हे होते आणि पुढचा ॲक्सल खरोखर लागल्याचा तो पुरावा आहे. हीच गोष्ट कोरड्या डांबरावर करू नका. तिथे चाकांना घसरायला जागा नसते आणि सगळा ताण ट्रान्स्फर केसवर येतो. शेवटी लो लावून एखादा चढ चढा, मध्ये थांबा, पुन्हा निघा. टकटक आवाज, दांडा आपोआप सुटणे, किंवा इंजिन गरगरते पण गाडी मागे पडते, यांपैकी काही झाले तर किंमत पाडायच्या फंदात न पडता घरी परत या.

कागदपत्रांत फॉर्म २९ आणि ३०, कर्ज असल्यास फॉर्म ३५, ई-चलनांची थकबाकी हे नेहमीचे झालेच. बाहेरच्या राज्यातली गाडी असेल तर फॉर्म २८ चे ना-हरकत प्रमाणपत्र लागते, आणि बारा महिन्यांपेक्षा जास्त इथे ठेवायची तर महाराष्ट्राचा कर भरून नवी नोंदणी करावीच लागते. दिल्ली परिसरात दहा वर्षांवरच्या डिझेल गाड्यांवर निर्बंध आल्यापासून तिकडच्या गाड्या इकडे स्वस्तात दिसतात. इथला कर त्यात मिळवला की तो स्वस्तपणा बराचसा वितळतो.

अकरा लाखांतले साडेनऊ-दहा गाडीला द्या, बाकीचे हातात ठेवा. त्यातून पहिल्याच आठवड्यात इंजिन, गिअरबॉक्स, ट्रान्स्फर केस आणि दोन्ही डिफरन्शियल यांचे ऑइल बदलायचे, ब्रीदरच्या नळ्या उंचावर नेऊन बांधायच्या, आणि टायर पाहायचे. टायरच्या बाजूवर चार आकडी शिक्का असतो. २३१९ म्हणजे २०१९ सालचा तेविसावा आठवडा. सहा-सात वर्षांपेक्षा जुना टायर नक्षी शिल्लक असली तरी बदला. मूळ मापातलेच ऑल-टेरेन घ्या. मड टायर चिखलात सुरेख चालतात, पण पावसात गुळगुळीत झालेल्या चांदणी चौकाच्या उतारावर त्यांच्या ठोकळ्यांना पकड कमी मिळते, आणि तुम्ही त्या उतारावरून रोज जाणार आहात. पाणंदीच्या तोंडाशी हवा अठरा-वीस पीएसआयपर्यंत उतरवली की साधा ऑल-टेरेनही बहुतेक जागी पुरतो. म्हणून विंचच्या आधी एक चांगला हवेचा पंप घ्या, म्हणजे परत डांबरावर आल्यावर हवा भरून घरी येता येईल.